तावीचं नाव

पोर्ट व्हिलाच्या बाजारातून बसमध्ये चढून "बँक्सवाल्यांची वस्ती" म्हटलं, की ड्रायव्हर आधी तुमच्याकडे बघतो आणि मग आपल्या टायरकडे. थोड्या वेळाने डांबर संपतं, मग खडी संपते, मग ड्रायव्हरचा धीर संपतो आणि तो म्हणतो, "इथून पायी जा, ब्राता." पायी गेलं की उत्तरेच्या बँक्स बेटांवरून आलेल्यांची घरं लागतात. पत्रे, बांबू, कोंबड्या, आणि दिवस कलला की कावा विकणाऱ्या विल्किन्सच्या फाटकावर टांगलेला हिरवा दिवा. दिवा लागला म्हणजे कावा तयार आहे. दिवा उतरवला म्हणजे घरी जा. एवढं समजलं की वस्तीत राहायला आणखी काही शिकावं लागत नाही.

कावा काही चवीने प्यायची गोष्ट नव्हे. मुळं कुटून पाण्यात कालवलेलं ते चिखलाच्या रंगाचं पेय. करवंटी एका दमात रिकामी करायची, कुंपणाकडे तोंड करून मनसोक्त थुंकायचं आणि जीभ पुरती बधिर व्हायच्या आत तोंडात काहीतरी टाकायचं. त्या 'काहीतरी'वर मेबलचं घर चालत होतं.

मेबलचं टेबल विल्किन्सच्या अंगणात आंब्याखाली असे. तळलेली मासळी, पपईच्या फोडी, काडीला ओवलेले नांगाई बदाम, आणि तिचा अभिमान म्हणजे नालोत: भाजलेला नीरफणस लाकडी बत्त्याने कुटून मऊ करायचा आणि वर नारळाचं दूध ओतायचं. बाई अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. कावा प्यायलेल्या माणसाला मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून अंगणात सगळे कुजबुजत बोलतात. मेबलही कुजबुजायची, पण तिची कुजबुज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची.

तिच्या टेबलापासून हातभर अंतरावर दुसरं टेबल होतं. त्यावर सिम्बोरो असे. कच्ची केळी किसून पालेभाजीच्या पानात बोटाएवढ्या वळकट्या करायच्या आणि नारळाच्या दुधात शिजवायच्या. टेबल लोर्नाचं. लोर्ना ही मेबलच्या नवऱ्याची, सेसिलची, सख्खी बहीण. किडकिडीत, ताठ, आणि हसलीच तर दुसऱ्याची फजिती झाल्यावर हसणारी.

हे नाव मी बिनधास्त घेतोय, कारण मी तिचा कोणी लागत नाही. मेबलला ते घेता येत नव्हतं. बँक्सवाल्यांत नणंद आणि भावजय एकमेकींच्या 'तावी'. तावीचं नाव घ्यायचं नाही, तिची थट्टा करायची नाही, तिच्याशी तोंडाला तोंड द्यायचं नाही. चुकून नाव निघालंच, तर दंड ठरलेला: जिचं नाव घेतलं तिने समोरच्या ज्या वस्तूवर हात ठेवावा ती वस्तू तिची. सासरी आल्यापासून मेबलने हा नियम पाळला होता. मनात काय काय साचलं असेल याची कल्पना करा. दुसरीकडे तोच रिवाज असंही सांगतो, की आत्याच्या नवऱ्याची हवी तेवढी टर उडवा, त्याने हसतहसत सोसली पाहिजे. आणि मेबलच्या आत्याचा नवरा कोण, तर खुद्द विल्किन्स. थोडक्यात, जिला बोलायचं होतं तिला बोलायची चोरी, आणि ज्याने काही केलं नव्हतं त्याच्यावर रोज तोफा.

उरलंसुरलं कुत्र्याच्या वाट्याला यायचं. विल्किन्सच्या कुत्र्याचं नाव मिनिस्टर. दिवसभर सावलीत झोपायचा आणि खायची वेळ झाली की हजर व्हायचा, म्हणून. मेबल मासळी उलटताना म्हणायची, "मिनिस्टर, काही बायका पान एवढं जाड घेतात की खाणाऱ्याला आपण बैल आहोत असं वाटतं." लोर्ना आपल्या भांड्यावरचं झाकण सारखं करत म्हणायची, "मिनिस्टर, पातळ नालोत काट्याने खायचं की पेल्यातून प्यायचं, विचार बघ कुणाला तरी." कुत्रा दोघींकडे आळीपाळीने बघायचा आणि दोन्हीकडून मासळीचं डोकं मिळवायचा. त्या अंगणात या भांडणाचा खरा फायदा झालेला तो एकटाच.

एका संध्याकाळी विल्किन्सने घसा खाकरला.

"ऐका. खाडीजवळच्या गेस्ट हाऊसची बाई आहे ना, बर्नादेत, ती आपल्याकडे पाहुणे आणणार म्हणते. दर गुरुवारी. त्यांना बसायला बाक टाकावे लागतील. आंब्याखाली दोन टेबलांना जागा नाही. एकच राहील. बाई उद्या येऊन चाखून बघेल आणि सांगेल."

"अरे सुकलेल्या वटवाघळा," मेबल म्हणाली, "डोक्यात कावाचा चोथा भरलाय का तुझ्या? बाक पलीकडे टाक की! तिथे तुझ्या पोटाला जागा होते, चार पाहुण्यांना होत नाही?"

विल्किन्स रिवाजाप्रमाणे हसला. पण शब्द मागे घेतला नाही.

सेसिलच्या गुडघ्यांनी बंदरातलं काम सोडवलं होतं, आणि टेबल गेलं तर चूल कशावर पेटणार? लोर्नाचीही स्थिती काही वेगळी नव्हती, पण त्या रात्री मेबलने तो विचार डोक्यात शिरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बर्नादेत आली. मालेकुला बेटाची, रंगीत झग्यातली, बोलकी बाई. तिच्याकडे नणंदेला सरळ नावाने हाक मारतात, त्यामुळे इथली भानगड तिच्या गावीही नव्हती. ती वस्ती पायी फिरून आली, कोपऱ्यावरच्या बाईकडे भाजलेला मका खाल्ला, शेजारच्या अंगणात खेकडा चाखला, आणि विल्किन्सकडे येऊन एका दमात करवंटी रिकामी केली. थुंकलीसुद्धा बऱ्यापैकी लांब. अंगणात तिच्याबद्दल आदर निर्माण झाला.

नेमकी तेव्हा लोर्ना दुसरं भांडं आणायला घरी गेली होती. बर्नादेतने आधी मेबलचं नालोत खाल्लं. "छान आहे," ती म्हणाली. 'छान' हा शब्द किती थंड असू शकतो ते मेबलला तेव्हा कळलं. मग बर्नादेतचा हात पलीकडच्या टेबलावर गेला. एक वळकटी तोंडात गेली. मग दुसरी. तिसरी खाताना तिने डोळे मिटले.

"आंटी, हे तुम्ही केलंत?"

आता खरं बघायला गेलं तर बंदी फक्त नाव घ्यायची होती. "माझ्या तावीने केलंय" एवढं म्हणायला कुठला रिवाज आडवा येत होता? कुठलाच नाही. पण मेबलच्या फक्त भुवया वर गेल्या. आमच्याकडे भुवया वर गेल्या म्हणजे 'हो'. डोळ्यात चिलट गेलं होतं, असं मेबल पुढे शपथेवर सांगत होती. दोन्ही डोळ्यांत एकदम गेलं होतं का, असं विल्किन्सने एकदाच विचारलं, आणि मग दोन दिवस त्याला अंगणात तोंड वर करता आलं नाही.

लोर्ना भांडं घेऊन परतली तेव्हा निकाल लागला होता. "मेबल आंटीचं टेबल राहू दे," बर्नादेत म्हणाली. "या वळकट्यांसाठी माझे पाहुणे खड्ड्यांतून उड्या मारत येतील."

बाकांवर पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांना सिम्बोरो कुणाचं ते माहीत होतं. पण कावा प्यायलेला माणूस एरवीही बोलत नाही, आणि फुकटची करमणूक चालू असताना तर मुळीच नाही. लोर्नाने एकदा ताटलीकडे बघितलं, एकदा मेबलच्या भुवयांकडे. पाहुण्यांदेखत तावीला खोटं पाडायचं नसतं. तिने टेबलाचे पाय मिटले.

"मिनिस्टर," ती कुत्र्याला म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातलं ओढायची तुझी सवय आता माणसांनाही लागली बघ."

मेबलने जिंकलेल्या टेबलावर फडकं फिरवलं. हवं ते मिळालं होतं. तरी रात्री तिला नालोत गोड लागलं नाही. उपास नव्हता, आजार नव्हता. खरं कारण तिला पुरतं माहीत होतं, म्हणून तिने सेसिललाच झापलं.

खरी पंचाईत सकाळी लक्षात आली. पाहुणे येणार ते सिम्बोरो खायला, आणि मेबलला सिम्बोरो करता येत नव्हतं.

म्हणजे केळी किसता येत होती, पानं गुंडाळता येत होती. ते वस्तीतल्या कुठल्याही पोरीला येतं. पण लोर्नाच्या वळकट्यांवर नारळाचं दूध साईसारखं घट्ट बसलेलं असायचं, आणि मेबलच्या वळकट्या दुधात बुडालेल्या होड्यांसारख्या दिसायच्या. सेसिल पहिल्या दिवशी खाऊन म्हणाला, "बरं आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भूक नाही." तिसऱ्या दिवशी तो जेवायच्या वेळी चर्चमध्ये सापडला.

"तुझ्या बहिणीला विचार की, कसं करते ते!" मेबल ओरडली.

"तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही," सेसिल म्हणाला. "पडलो तर उठायला गुडघे नाहीत."

शेवटी मेबल मिनिस्टरला मासळीचं डोकं दाखवत लोर्नाच्या कुंपणापर्यंत घेऊन गेली. पलीकडे लोर्ना कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"मिनिस्टर," मेबल मोठ्याने म्हणाली, "नारळाचं दूध एवढं घट्ट कसं होतं, हे कुणी सांगितलं तर त्याचं भलं होईल रे."

पलीकडे आणखी एक मूठ दाणे पडले. मग लोर्ना एका कोंबडीला म्हणाली, "त्यात भांडंभर समुद्राचं पाणी घालतात हो, बाई. भांडंभर. हात आखडायचा नाही."

मेबल समुद्रावर जाऊन पाणी घेऊन आली. आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढी जाणती बाई, तिला कळू नये? पण तावीने विनोद करायचा नसतो, मग तावी विनोद करेलच कशी, असा तिचा भाबडा हिशेब होता. त्या संध्याकाळी सेसिल पाण्याच्या पिंपाशेजारीच बसून राहिला. आणि कुंपणापलीकडून, रिवाजात बसेल एवढ्याच आवाजात, कुणीतरी हसत होतं.

गुरुवार आला. हिरवा दिवा लागला. बर्नादेत सात-आठ पाहुणे घेऊन हजर झाली. ऑकलंडचे निवृत्त मास्तर-मास्तरीण, दोन जपानी पोरी, आणखी कोण कोण. सगळ्यांनी कावा घेतला, सगळ्यांची तोंडं कडू झाली आणि सगळे टेबलाकडे वळले. टेबलावर मासळी, पपई आणि नालोत. बर्नादेतच्या काखेत एक फळी होती. तिने ती मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवली. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मेबलचं सिम्बोरो'.

"ही आंब्याला टांगायची," ती म्हणाली. "आंटी, वळकट्या कुठे आहेत?"

वळकट्या कुठे होत्या ते मेबलला वासाने केव्हाच कळलं होतं. कुंपणालगतच्या बाकावर लोर्ना बसली होती, मांडीवर झाकलेली टोपली घेऊन. फजिती बघायलाच आली होती ती, त्यात शंका नाही. पण फजिती बघायला आलेला माणूस टोपली भरून आणत नाही. मेबलने त्या टोपलीकडे बघितलं. हिला माहीत होतं माझ्याच्याने होणार नाही. हिला माहीत होतं पाहुणे परत गेले तर हिच्यासारखंच माझंही टेबल जाईल. आणि मी असं वागूनही ही वळकट्यांसाठी विस्तव फुंकत बसली.

"मी केलं नव्हतं ते," मेबल म्हणाली. "माझ्या तावीने केलं होतं. मी नुसत्या भुवया उडवल्या."

अंगणात कुणीतरी थुंकायचंही थांबलं.

"असं होय!" बर्नादेत हसली. ती रागावली नाही. मालेकुलाची माणसं खोटं पकडल्याच्या आनंदात रागावायचं विसरतात. "मग फळी बदलू. कुठली तावी? इथे तर अर्धी वस्ती एकमेकांची तावी आहे. नाव काय लिहू?"

मेबलने विल्किन्सकडे बघितलं. त्याला नाव घ्यायला काहीच हरकत नव्हती. पण वर्षानुवर्षं वटवाघूळ, रिकामं पिंप आणि फाटका ढोल ऐकून घेतलेल्या त्या माणसाने सावकाश डोळे मिटले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि कावाची समाधी लावली. सेसिल आपले गुडघे तपासू लागला.

बर्नादेत लोर्नाकडे वळली. "तुमच्याच टोपलीत आहेत ना? तुमचं नाव काय?"

लोर्ना कुत्र्याला म्हणाली, "मिनिस्टर, ज्यांनी माझं खाणं आपल्या नावावर खपवलं, त्यांनाच नाव विचारायला सांग."

सगळ्यांचे डोळे मेबलवर. तिने फडकं टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"लोर्ना," ती म्हणाली.

इतक्या हळू आवाजात मेबल आयुष्यात कधी बोलली नव्हती. तरी ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं.

विल्किन्सची समाधी ताबडतोब उतरली. "दंड!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की जपानी पोरींनी टाळ्या वाजवल्या.

लोर्ना उठली. टोपली काखेला लावून सावकाश चालत आली. मासळीकडे तिने बघितलं नाही, नव्या कढईकडे बघितलं नाही, मेबलच्या कानातल्या शिंपल्यांकडेही नाही. तिने टेबलावर हात ठेवला. सबंध टेबलावर. म्हणजे आता ते तिचं.

मेबलचा चेहरा पडला. वस्तीला वाटलं, बाई आता रडणार. पण मेबलने कमरेवर हात ठेवले.

"दंड भरला ना मी? सगळ्यांदेखत भरला ना?" तिने विल्किन्सला विचारलं. "मग आज हे नाव माझं झालं. पैसे मोजून घेतलेली कोंबडी कोणी अर्धी खातं का? लोर्ना! तुझी पानं जाड असतात, लोर्ना! माझ्या लग्नात तू उधार आणलेला झगा घातला होतास आणि तो माझ्याच मावशीचा होता, लोर्ना! समुद्राच्या पाण्याने तुझ्या भावाची आतडी धुतली गेली, लोर्ना! आणि दगड तापवून दुधात सोडतेस ना तू? आत्ता वास आला मला, भाजक्या दगडाचा! लोर्ना! लोर्ना!"

आता ती कुजबुजत नव्हती. कावा प्यायलेल्यांनी कान झाकले, पण बोटांमध्ये फट ठेवली. लोर्नाचा हात टेबलावर होता आणि ओठ घट्ट मिटलेले. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय ते सांगता येईना.

मग मेबलचा आवाज एकदम उतरला.

"आणि तुझा पोरगा बोटीवरून परत आला नाही, त्या रात्री तू धक्क्यावर बसली होतीस. मी तुझ्या मागे उभी होते, लोर्ना. सगळे तुला हाक मारत होते, घरी चल म्हणत होते. मला मारता आली नाही. मी तुझ्या नवऱ्याला पुढे ढकललं आणि मागे राहिले. मला तुला हाक मारायची होती."

पाहुण्यांना यातलं अक्षर कळलं नाही, तरी ऑकलंडच्या मास्तरीणबाईंनी डोक्यावरची टोपी काढली.

लोर्नाने टोपलीवरचं फडकं काढलं. वळकट्या टेबलावर मांडू लागली, एकेक, अगदी सरळ रांगेत. बरीच रांग लावून झाल्यावर ती कुत्र्याकडे न बघता बोलली.

"मेबल," ती म्हणाली, "आता गप्प बस. पाहुणे उपाशी आहेत."

विल्किन्स पुन्हा "दंड!" ओरडायला तोंड उघडतो न उघडतो, तोच मेबलने टेबलाच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला.